मूर्ती उलटी करून पाहा : आंत्वान-लुई बारीचे ब्राँझचे प्राणी

प्रश्न थोडक्यात असा. आजोबांनी पन्नासेक वर्षांपूर्वी मुंबईत एका जुन्या बंगल्यातल्या सामानाच्या लिलावातून ब्राँझचा वाघ आणला. हातभर लांब, पंजांखाली चिंचोळ्या तोंडाची मगर, आणि बैठकीच्या कडेवर रोमन लिपीत बी-ए-आर-वाय-ई ही पाच अक्षरं. हा कोण होता, वाघ 'ओरिजिनल' आहे का, आणि तो घासूनपुसून दिवाणखान्यात ठेवावा का, हे विचारलं आहे.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण दिवाळीची साफसफाई कोणासाठी थांबत नाही. घासू नका. चिंच-मीठ, लिंबू, रांगोळी, पितळेची पावडर, यांतलं काहीही त्याला लावू नका. वाघाच्या अंगावरचा तो तपकिरी-हिरवट थर म्हणजे मळ नव्हे. त्याला पॅटिना म्हणतात. ओतकाम झाल्यावर रसायनं आणि उष्णता देऊन तो मुद्दाम चढवलेला असतो. या शिल्पकाराने तर पॅटिनावर आयुष्यभर प्रयोग केले. गडद तपकिरी रंगावर खोलगट जागी हिरवा उतरू द्यायचा आणि उंचवट्यांवर तो पुसट ठेवायचा, ही त्याची खासियत. तो थर एकदा गेला की वाघ समईसारखा लखलखेल आणि जाणकार गिऱ्हाईक त्याच्याकडे पाठ फिरवेल.

आता माणूस. आंत्वान-लुई बारी, जन्म पॅरिसमध्ये १७९५ साली, मृत्यू तिथेच १८७५ साली. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये फक्त प्राण्यांची शिल्पं करणाऱ्यांची एक मोठी फळीच उभी राहिली. फ्रातँ, मेन, फ्रेमिए, इसिदोर बॉनर ही त्यातली नावं. त्या सगळ्यांचा मूळपुरुष बारी. प्राणी करणारा म्हणून त्यांच्यावर जो शिक्का बसला, तो सुरुवातीला कौतुकाचा नव्हता. देवदेवता, वीर आणि राजे घडवतो तो शिल्पकार. सिंह-वाघ घडवणारा म्हणजे शोभेच्या वस्तू करणारा कारागीर, अशी त्या काळच्या पॅरिसमधल्या कलासंस्थांची समजूत होती. बारीच्या आयुष्यातले बहुतेक खटके याच समजुतीशी उडाले.

'ओरिजिनल आहे का' हा प्रश्न मात्र बारीच्या बाबतीत जरा बदलून विचारावा लागतो. चित्र एकच असतं. बारीचा वाघ एकच कधीच नव्हता. तो स्वतःच आपल्या शिल्पांच्या प्रती काढून विकत असे, त्यांचा किमतींसह छापील कॅटलॉग काढत असे. त्याच्या हयातीत त्याची मॉडेलं दुसऱ्याच्या ताब्यात गेली, परत आली, आणि मरणानंतर पुन्हा विकली गेली. त्यामुळे खरा प्रश्न असा : ही प्रत कोणत्या मॉडेलवरून, कोणाच्या ओतशाळेत, कधी ओतली? त्याचं उत्तर मूर्तीच्या अंगावर लिहिलेलं असतं, पण ते वाचायला बारीचं आयुष्य माहीत असावं लागतं. म्हणून थोडं लांबून सांगतो.

तुमच्याकडचा विषय त्याच्या कीर्तीची सुरुवात आहे. १८३१ च्या सालोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या सरकारमान्य कलाप्रदर्शनात, त्याने 'गंगेतल्या सुसरीला खाणारा वाघ' हे शिल्प प्लास्टरमध्ये मांडलं. सुमारे मीटरभर लांब. त्याला दुसऱ्या दर्जाचं पदक मिळालं. ती मगर म्हणजे आपल्या उत्तरेकडच्या नद्यांमधली सुसर, घडियाल. महाराष्ट्रातल्या नद्यांत दिसते ती रुंद तोंडाची मगर वेगळी. बारीने गंगा कधी पाहिली नाही. तो आशियात किंवा आफ्रिकेत कधी गेलाच नाही. त्याचं सगळं जंगल पॅरिसमधल्या जार्दँ दे प्लांत या बागेत होतं : तिथलं प्राणिसंग्रहालय, त्याला लागूनच नैसर्गिक इतिहासाचं संग्रहालय, आणि प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिएने उभा केलेला सांगाड्यांचा आणि शरीररचनेच्या नमुन्यांचा संग्रह.

निसर्ग अभ्यासणारा माणूस या शिल्पावर लगेच हरकत घेईल. सुसर मासे खाणारी, तिचे दात बारीक, आणि वाघाने तिच्यावर तुटून पडण्याचा प्रसंग सहसा घडणारा नाही. हरकत बरोबर आहे. पण प्रसंग कल्पनेतला असला तरी त्यातली शरीरं कल्पनेतली नाहीत. वाघ पूर्ण वजनाने खाली दबला आहे. त्यामुळे खांद्यांची चपटी हाडं पाठीच्या रेषेच्या वर आली आहेत. मांजर दबा धरते तेव्हा तिच्या पाठीवर ती दोन टोकं दिसतात, तीच. दंडावर कातडी ताणलेली आणि पोटाकडे सैल. सुसर खालून पिळवटून वर वळली आहे. डोळे मिटून त्या वाघाच्या पाठीवरून बोट फिरवलं तर बरगडी कुठे संपते आणि पोटाचा मऊ भाग कुठे सुरू होतो ते कळायला हवं. चांगल्या प्रतीत कळतं. वाईट प्रतीत सगळा साबण झालेला असतो.

शेपटीही नीट पाहा. चित्रकार देलाक्रुआ बारीचा समवयस्क आणि मित्र. वाघाची शेपटी या माणसासारखी वळवणं मला कधी जमणार नाही, असं तो म्हणाल्याचं सांगतात. देलाक्रुआने स्वतः कितीतरी सिंह-वाघ रंगवले, म्हणून या बोलण्याला वजन आहे.

हे ज्ञान आलं कुठून? बारीचे वडील ल्योंहून आलेले सोनार. पोरगा तेरा-चौदा वर्षांचा झाल्यावर त्याला धातूवर कोरीवकाम करणाऱ्याच्या हाताखाली घातलं. नेपोलियनचा सोनार बिएने याच्यासाठीही त्याने काम केलं. १८१२ मध्ये सक्तीची सैन्यभरती आली, तेव्हा त्याला नकाशे आणि भूरचनेच्या प्रतिकृती बनवणाऱ्या विभागात टाकलं. युद्ध संपल्यावर बोसियो या शिल्पकाराकडे आणि ग्रो या चित्रकाराकडे तो शिकला, १८१८ मध्ये एकोल दे बोझार या पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत दाखल झाला. तिथल्या सर्वोच्च बक्षिसाच्या, रोमच्या शिष्यवृत्तीच्या, स्पर्धेत त्याने अनेकदा नशीब अजमावलं. १८२० मध्ये दुसरा आला. पहिला कधीच नाही. रोमला गेला असता तर बहुधा त्यानेही संगमरवरी अपोलो केले असते. त्याऐवजी १८२३ पासून जवळपास आठ वर्षं तो फोकोनिए या सोनाराच्या दुकानात छोटे छोटे प्राणी घडवत राहिला आणि उरलेल्या वेळात जार्दँ दे प्लांतला जात राहिला.

माझ्या मते सोनाराच्या दुकानातली ही वर्षं त्याच्या घडणीत शाळेपेक्षा मोठी आहेत. सोनाराकडे शिकलेल्या माणसाला धातू शेवटी कसा दिसेल हे माती हातात घेतानाच कळतं. कोणती रेघ ओतकामात बुजेल, कोणती छिन्नीने परत काढता येईल, उजेड कुठे अडकेल, हे त्याला वेगळं शिकवावं लागत नाही. बारीनंतरच्या अनेकांची मातीतली कामं सुंदर आहेत आणि ब्राँझमध्ये येताच थंड पडतात. बारीचं उलट आहे. त्याचं प्लास्टर पाहिलं तर थोडं कोरडं वाटतं. ब्राँझ झालं की जिवंत होतं.

प्राणिसंग्रहालयातला एखादा मोठा प्राणी मेला की बारी आणि देलाक्रुआ धावत सुटायचे. देलाक्रुआची त्याला पाठवलेली एक चिठ्ठी प्रसिद्ध आहे : सिंह मेला आहे, दौडत ये, हवा अशी आहे की घाई करायला हवी. हवा म्हणजे उकाडा. प्रेत टिकणार नव्हतं. शवविच्छेदन चालू असताना दोघं शेजारी बसून चित्रं काढत. देलाक्रुआ रंग आणि आवेग उचलायचा. बारी मोजपट्टी काढायचा. त्याच्या चित्रांचे कागद पॅरिसमध्ये जपून ठेवलेले आहेत, आणि त्यांत पंजाची रुंदी, डोळ्यापासून नाकापर्यंतचं अंतर, कोपरापासून मनगटापर्यंतची लांबी अशी मापं आकड्यांत लिहिलेली आहेत. कातडं सोलल्यावरचे स्नायू, मग फक्त हाडं, असे एकाच प्राण्याचे थर त्याने उतरवले आहेत. मोठा प्राणी छोट्या मूर्तीत आणताना बहुतेक शिल्पकारांचं डोकं मोठं होतं आणि पाय आखूड. बारीच्या विताएवढ्या चित्त्यातही प्रमाण हलत नाही, याचं कारण हे आकडे.

पुढची गोष्ट सिंहाची. १८३३ च्या सालोंमध्ये त्याने सापाला पंजाखाली दाबणारा सिंह मांडला आणि त्याच वर्षी त्याला लेजियों द'ऑनरचा सन्मान मिळाला. राजा लुई-फिलिपच्या सरकारने ते शिल्प ब्राँझमध्ये करवून घेतलं. यामागे शुद्ध कलाप्रेम होतं असं समजू नका. लुई-फिलिपला गादी मिळाली ती जुलै १८३० च्या क्रांतीने. जुलैच्या अखेरीस सूर्य सिंह राशीत असतो. सिंहाने साप चिरडणं हे नव्या राजवटीच्या सोयीचं प्रतीक होतं. पॅरिसमध्ये बास्तीयच्या चौकात त्या क्रांतीचा जो स्तंभ आहे त्याच्या पायावरही बारीचाच चालता सिंह आहे, तोही याच कारणाने.

सापावरचा सिंह १८३६ मध्ये त्विलरीच्या राजबागेत बसवला. कुरकुर लगेच सुरू झाली : राजाच्या बागेचं प्राणिसंग्रहालय केलं, आता फक्त पिंजरा आणायचा राहिला. लोकांना खटकलं ते त्या सिंहाचं खरंखुरं असणं. तोवरचे बागेतले सिंह गोलावर पंजा ठेवून ओठ मिटून बसलेले असत. याच्या आयाळीचा एकेक झुबका ओला वाटतो, पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकलेला, आणि चेहऱ्यावर पराक्रमाऐवजी किळस आहे. मांजर झुरळाकडे बघते तशी नजर. आता ते शिल्प पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात आहे.

ते ओतलं होतं ओनोरे गोनों या ओताऱ्याने, मेण वितळवण्याच्या पद्धतीने. आपल्याकडे ही पद्धत हजारो वर्षं चालत आलेली आहे, पण त्या काळच्या फ्रान्समध्ये ती जवळपास मोडीत निघाली होती. गोनों आणि त्याच्या मुलांनी ती पुन्हा जमवली. एका ओतणीत मूर्ती काढायची आणि नंतर छिन्नी जवळजवळ लावायची नाही, ही त्यांची प्रतिज्ञा. शिल्पकाराच्या बोटाचा ठसा थेट धातूत उतरतो तो असा.

ऑर्लेआंचा ड्यूक, म्हणजे लुई-फिलिपचा थोरला मुलगा, बारीवर खूश होता. १८३४ मध्ये त्याने मेजवानीच्या टेबलावर मांडण्यासाठी एक भलंमोठं सजावटीचं काम सांगितलं : नऊ ब्राँझ शिल्पं, त्यांतल्या पाच शिकारी. वाघाची, सिंहाची, अस्वलाची, रानबैलाची आणि सांबरासारख्या उत्तरेकडच्या एल्कची. वाघाच्या शिकारीत हत्तीवर बसलेले हिंदुस्थानी शिकारी आहेत आणि दोन वाघ हत्तीच्या अंगावर चढले आहेत. पॅरिसमध्ये बसून रचलेला हा हिंदुस्थान आहे, कपड्यांचे आणि अंबारीचे तपशील ऐकीव-पाहीव आहेत; पण हत्तीने वजन कोणत्या पायावर टाकलं आहे हे पाहिलंत तर माहुतालाही चूक काढता येणार नाही. आज त्या पाचही शिकारी अमेरिकेत बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात आहेत.

१८३७ मध्ये हीच कामं सालोंच्या परीक्षकांनी नाकारली. मुद्दा असा की हे शिल्प नाही, सोनारकाम आहे. टेबलावर ठेवायची वस्तू. बारीने सालोंकडे पाठ फिरवली आणि पुढची तेरा वर्षं तिथे काहीही पाठवलं नाही. माणूस मुळात अबोल, मानी. भांडत बसला नाही. तुम्हाला टेबलावरच्या वस्तू वाटतात ना, मग टेबलावरच्याच वस्तू करतो, अशा थाटात त्याने स्वतःची ओतशाळा काढली आणि थेट गिऱ्हाइकाला विकायला सुरुवात केली. (तोवर नव्या मध्यमवर्गाच्या घरांत लिहायची टेबलं आणि शेकोटीवरच्या फळ्या आल्या होत्या, आणि त्या मोकळ्या होत्या. मानीपणाला बाजाराचीही थोडी साथ होती.)

इथून पुढचं नीट वाचा, कारण तुमचा वाघ इथे जन्मतो. शंभर प्रती काढायच्या तर गोनोंची मेणाची पद्धत महाग पडते. धंद्यासाठी वाळूचं ओतकाम लागतं. लोखंडी चौकटीत बारीक, चिकणमातीचा अंश असलेली वाळू ठोकून बसवायची, त्यात मॉडेलचा ठसा घ्यायचा, पोकळीसाठी आत वाळूचाच गाभा बसवायचा, आणि धातू ओतायचा. वाळू ठोकताना प्लास्टरचं मॉडेल चार-दोन वेळातच झिजतं. म्हणून आधी एक प्रत ब्राँझमध्ये ओतून तिच्यावर शिल्पकार किंवा त्याचा उत्तम कारागीर छिन्नीने बारीकसारीक काम करतो. डोकं, पाय, शेपटी असे तिचे सुटे भाग पाचर आणि खाचेने जुळतील असे बनवलेले असतात. ही मुख्य प्रत. तिला विकत नाहीत. तिच्यावरून विक्रीच्या प्रती ओततात. लुव्रमध्ये बारीच्या अशा अनेक मुख्य प्रती आहेत, त्यांतल्या बऱ्याच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जाक झुबालोफ या संग्राहकाने दिलेल्या. त्यांच्यासमोर उभं राहिलं की विक्रीची प्रत कितीही चांगली असली तरी एक पायरी खाली आहे हे मान्य करावं लागतं.

ब्राँझ थंड होताना आकसतं, साधारण दीड-दोन टक्के. म्हणजे मुख्य प्रतीवरून ओतलेली मूर्ती तिच्यापेक्षा किंचित लहान. आणि कोणी विक्रीच्याच प्रतीवरून चोरून साचा काढला तर ती आणखी तेवढीच लहान आणि आणखी बोथट. हा निसर्गनियम आहे, कोणत्याही सही-शिक्क्यापेक्षा भरवशाचा.

बारी धंद्यात कच्चा होता. मनासारखी न झालेली प्रत विकायची नाही, हे शिल्पकाराला शोभतं, दुकानदाराला परवडत नाही. १८४५ मध्ये एमिल मार्तँ या व्यावसायिकाबरोबर भागीदारी झाली. १८४८ ची क्रांती आली, बाजार बसला, बारी कर्जात बुडाला आणि त्याची मॉडेलं मार्तँच्या ताब्यात गेली. जवळपास नऊ वर्षं, १८५७ पर्यंत, बारीच्या मूर्ती मार्तँच्या देखरेखीखाली निघत होत्या. त्या काळातल्या प्रती वाईट नाहीत. मार्तँ प्रामाणिक माणूस दिसतो. पण स्वतःच्या प्राण्यांवर आपला हक्क नसताना त्या माणसाने काय केलं असेल? त्याने नवं काम केलं. १८५० च्या सालोंमध्ये तो परतला तो सशाला फाडून खाणारा जॅग्वार घेऊन. त्याचं सगळ्यात चांगलं काम कोणतं असं मला विचाराल तर मी याच्याकडे बोट दाखवीन. इथे झटापट नाही, गंगा नाही, प्रतीक नाही. ससा मेलेला आहे. जॅग्वार पोट जमिनीला चिकटवून, कान मागे टाकून, कोणी हिसकावून घेईल या भीतीने खातो आहे. भूक शिल्पात दाखवता येते हे मला यातून पटलं.

मानसन्मान उशिरा आणि सगळे एकदम आले. १८५४ मध्ये जार्दँ दे प्लांतच्या संग्रहालयात प्राणिचित्रणाचा शिक्षक म्हणून नेमणूक झाली, ती मरेपर्यंत टिकली. लुव्रच्या नव्या इमारतींसाठी युद्ध, शांती, शक्ती आणि सुव्यवस्था असे चार दगडी शिल्पसमूह मिळाले. १८५५ च्या जागतिक प्रदर्शनात ब्राँझसाठी सर्वोच्च पदक मिळालं. तेही उद्योगाच्या विभागात, कलेच्या नाही. समीक्षक गोतिएने त्याला प्राणिसंग्रहालयाचा मायकेलअँजेलो म्हटलं. १८६८ मध्ये फ्रेंच कला अकादमीने सभासद करून घेतलं, तेव्हा तो सत्तरी ओलांडून गेला होता. आयुष्यभर गिऱ्हाइकाची वाट पाहिली, आता दुकानाची फळी लावताना ती येऊ लागली, अशा अर्थाचं काहीसं तो म्हणाल्याची आठवण सांगतात.

शिक्षक म्हणून तो कसा होता? १८६० च्या दशकात एक तरुण पोरगा त्याच्या वर्गाला बसत असे. अंगावर झिजका कोट, बोलणं जेमतेम, शाळामास्तरासारखा दिसणारा हा म्हातारा काय शिकवणार असं त्या मुलांना वाटे. तो तरुण म्हणजे पुढचा थोर शिल्पकार रोदँ. बारीचं ऋण त्याने पुढे मोकळेपणाने मान्य केलं. रोदँच्या चालत्या माणसाचे पाय पाहिले की ते कोणत्या वर्गातून आले ते दिसतं.

१८७५ मध्ये बारी गेला. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या ओतेल द्रुओ या लिलावघरात त्याची मॉडेलं पुनर्निर्मितीच्या हक्कासह विकली गेली. सर्वांत जास्त मॉडेलं घेतली फर्दिनां बार्बेदिएनने. हा त्या काळचा पॅरिसमधला सर्वांत मोठा कला-ब्राँझ उत्पादक. त्याने आणि त्याच्यामागून पुतण्याने या प्रती विसाव्या शतकातही काढल्या. जगात आज बारीच्या नावाने ज्या प्रामाणिक प्रती फिरतात त्यांचा फार मोठा भाग हा बार्बेदिएनचा आहे. त्यांत बारीचा हात नाही, पण बारीची मॉडेलं आहेत. काम नीटस, कधी कधी जरा जास्तच नीटस.

अमेरिकनांनी त्याला फ्रेंचांच्या आधी ओळखलं असं म्हणायला हरकत नाही. वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन गॅलरीने १८७३ मध्ये त्याच्या उपलब्ध प्रत्येक ब्राँझची एकेक प्रत मागवली. शंभरच्या वर मूर्ती. बाल्टिमोरच्या विल्यम वॉल्टर्सने तर शहराच्या चौकात बारीचा बसलेला सिंह आणि लुव्रवरचे चारही समूह ब्राँझमध्ये उभे केले. पॅरिसने त्याचं स्मारक १८९४ मध्ये सॅं-लुई बेटाच्या टोकाला उभारलं. त्यावरचं ब्राँझ १९४२ मध्ये, जर्मन ताब्याच्या काळात, वितळवायला काढून नेलं.

आता तुमचा वाघ. तो मऊ कापडावर आडवा ठेवा, शेपटी आणि सुसरीचं तोंड मोकळं राहील असा, आणि खालून आत टॉर्चचा उजेड टाका.

बैठक आतून कशी आहे? जुन्या वाळूच्या ओतकामात आतली बाजू खरखरीत, जाडी थोडी कमीजास्त, भाग जुळवलेल्या जागी गोल खिळ्यांची डोकी किंवा पाचरी, आणि धातूचा रंग जुना, मंद. आत वेल्डिंगचे चमकदार ओघळ, ग्राइंडरचे गोल ओरखडे, षटकोनी नट किंवा अधिक-चिन्हाचे स्क्रू दिसले तर मूर्ती हल्लीची. बारीच्या मूर्तींना बैठक सहसा ब्राँझचीच, खडकासारखी घडवलेली असते. काळ्या किंवा हिरव्या संगमरवरी पाटावर बोल्टने आवळलेला वाघ दिसला की मी सावध होतो. 'ब्राँझ गारांती पारी, जे. बी. देपोझे' असा गोल शिक्का तर बाजारातल्या नव्या नकलांवर सर्रास मारलेला असतो.

तळाला, न दिसणाऱ्या जागी, सुईने अगदी बारीक ओरखडा काढा. पिवळसर सोनेरी निघालं तर ब्राँझ. पांढरट करडं निघालं तर जस्ताचं मिश्रण. वरून ब्राँझचा रंग दिलेली स्वस्त नक्कल. त्याही शंभर वर्षं जुन्या असू शकतात, म्हणून जुनं दिसतं एवढ्यावर भुलू नका.

मग सही. पाच अक्षरंच असतील तर थोरल्याची असू शकते. अक्षरांच्या आधी 'ए' असेल किंवा पुढे 'एफ-आय-एल-एस' (उच्चार 'फिस') म्हणजे चिरंजीव असं लिहिलेलं असेल, तर ते काम त्याचा मुलगा आल्फ्रेद याचं. तोही प्राणी करायचा, आणि घोटाळा नको म्हणून बापाने त्याला 'चिरंजीव' लिहायला लावलं. बार्बेदिएनचं नाव बैठकीवर कोरलेलं असेल, किंवा 'एफ-बी' अशी बारीक सोनेरी अक्षरं जडवलेली असतील, तर ती १८७६ नंतरची, चांगल्या घरातली प्रत. बारीच्या हयातीतल्या काही प्रतींवर नावाचा छोटा ठोकलेला शिक्का आणि शेजारी अनुक्रमांक असतो. तो सापडला तर मूर्ती कोणालाही हाताळायला देऊ नका. सही पाहताना एक लक्षात ठेवा : ती मॉडेलमध्येच असते, म्हणून नकलेतही उतरते. तिथली अक्षरं कडेला गोलसर, भरून आलेली दिसतात. मूळ मॉडेलवरची प्रत असेल तर अक्षराचा कोपरा नखाला लागतो.

शेवटी माप. बैठकीची लांबी मिलिमीटरमध्ये घ्या. या विषयाचं मोठं शिल्प आणि लहान आवृत्ती असे वेगवेगळे आकार बारीने काढले आहेत. संग्रहालयांनी आपापल्या प्रतींची मापं प्रसिद्ध केलेली असतात. तुमच्या आकाराच्या प्रतीशी ताडून पाहा. चाळीस सेंटिमीटरच्या मूर्तीत सहा-आठ मिलिमीटरची तूट आली आणि वाघाचे पट्टे, सुसरीचे खवले बोथट असले, तर ती प्रतीवरून काढलेली प्रत. फरक नसेल आणि खवले धारदार असतील, तर पॅरिसमधल्या एखाद्या नामांकित लिलावघराच्या शिल्पविभागाकडे फोटो पाठवायला हरकत नाही. मुंबईत फोटोवरून छातीठोक किंमत सांगणाऱ्या दुकानदाराकडे नको.

घरात ठेवायचा तर काचेच्या कपाटात, समुद्राकडच्या खिडकीपासून लांब. धूळ मऊ ब्रशने झटका, पाणी नको. वर्षातून एकदा मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात पुरे, आणि तोही पॅटिना घट्ट आहे याची खात्री झाल्यावर. फिकट हिरवी, पिठासारखी पूड ठिपक्याठिपक्यांनी दिसू लागली तर तो खाऱ्या दमट हवेने जडलेला ब्राँझचा रोग आहे. तो आत पसरत जातो, वरून पुसून थांबत नाही. तसं दिसलं तर मूर्ती प्लास्टिकच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, आतली आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या खाली राहील असं पाहा, आणि मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचं केंद्र आहे, तिथे विचारा.